मोबाइल एज कॉम्प्युटिंगमधील सुरक्षित टास्क ऑफलोडिंग

मोबाइल, कॅमेरा किंवा गाडीतला छोटा संगणक यांना न झेपणारे किंवा त्यांची बॅटरी संपवणारे काम जवळच्या सर्व्हरकडे बिनतारी पाठवून फक्त उत्तर परत घेणे, म्हणजे टास्क ऑफलोडिंग. हा सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरऐवजी मोबाइल टॉवरपाशी किंवा शहरातल्याच एक्स्चेंजमध्ये असतो, तेव्हा त्या व्यवस्थेला मोबाइल एज कॉम्प्युटिंग म्हणतात. महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘क्लाउडलेट’ची, म्हणजे वापरणाऱ्याजवळच्या छोट्या क्लाउड सर्व्हरची कल्पना मांडली. युरोपीय दूरसंचार मानक संस्था ‘एत्सी’ने 2014 मध्ये या विषयासाठी स्वतंत्र गट नेमला.

सर्व्हर जवळ का हवा? समजा, इंदूरमधल्या फोनचे काम मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये होते. इंदूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 500 किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किमान 5 मिलिसेकंद लागणारच. केबल वळसे घेत जाते, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष विलंब याहून बराच जास्त असतो. 5जी मानकात अतितातडीच्या सेवांसाठी रेडिओ टप्प्याचे, म्हणजे फोन ते टॉवर या बिनतारी भागाचे, लक्ष्य 1 मिलिसेकंद आहे. ते गाठूनही पुढची गणना मुंबईला होणार असेल, तर त्या वेगाचा फारसा उपयोग नाही.

मात्र सर्व्हर गावात आणून ठेवला की काम झाले, असेही नाही. समजा, इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी गर्दीची घनता मोजणारा एक कॅमेरा आहे. एका चित्राला 100 कोटी गणनाचक्रे लागतात. कॅमेऱ्यातला प्रोसेसर सेकंदाला 200 कोटी चक्रे करतो, म्हणून त्याला अर्धा सेकंद लागेल. दसपट वेगाच्या एज सर्व्हरला 50 मिलिसेकंद पुरतील. चित्र 5 लाख बाइटचे, म्हणजे 40 लाख बिटांचे आहे. एरवी अपलोडचा वेग सेकंदाला 2 कोटी बिट मिळाला, तर पाठवायला 200 मिलिसेकंद लागतात आणि ऑफलोडिंग सरस ठरते. गेरीच्या दिवशी लाखो फोन एकाच भागात येतात. वेग दहापट घसरला, तर नुसते पाठवायलाच 2 सेकंद जातील आणि काम कॅमेऱ्यातच उरकलेले बरे. कुठले काम पाठवायचे आणि कुठले ठेवायचे, हा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागतो. संशोधनाचा मोठा भाग याच निर्णयावर खर्च झाला आहे. त्यासाठी ल्यापुनोव्ह पद्धत (साचलेल्या कामाची रांग आटोक्यात ठेवणारे गणित), गेम थिअरी (अनेकांच्या परस्परावलंबी निर्णयांचे गणित) आणि अलीकडे डीप रीइन्फोर्समेंट लर्निंग (अनुभवातून निर्णय शिकणारी यंत्रणा) वापरले जाते.

सुरक्षिततेमुळे वेग मरतो, ही तक्रार बहुतेकदा चुकीच्या जागी बोट ठेवते. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत एईएस या प्रचलित पद्धतीच्या कूटलेखनाची (मजकूर गुप्त करण्याची) सोय हार्डवेअरमध्येच असते. वरच्या चित्राला त्यासाठी काही मिलिसेकंदही लागू नयेत. वेळ जातो तो ओळख पटवण्याच्या फेऱ्यांत, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्याच्या खेपांत. जोडणी उभारणाऱ्या टीसीपी नियमावलीची एक आणि ओळख पटवून कूटलेखन ठरवणाऱ्या टीएलएस 1.2 च्या दोन, अशा तीन फेऱ्यांनंतर डेटा निघतो. 2018 च्या टीएलएस 1.3 ने त्यातली एक वाचवली, आणि क्विक प्रोटोकॉलने जोडणी व ओळख एकाच फेरीत बसवली. आधीची ओळख असल्यास पहिल्याच संदेशासोबत डेटा पाठवता येतो. पण तो संदेश कोणी टिपून पुन्हा पाठवू शकतो. डोकी मोजण्याच्या विनंतीत हा धोका परवडेल, चौकातला सिग्नल बदलण्याच्या आदेशात मुळीच नाही.

टोरी कॉर्नरहून राजवाड्याकडे सरकणारा फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, तेव्हा नव्या सर्व्हरशी पुन्हा विश्वास जोडावा लागतो. कूटलेखनाच्या किल्ल्या आधीच पुढच्या सर्व्हरकडे पोचवल्या तर खंड पडत नाही, पण त्या ठेवणाऱ्या जागा वाढतात. शिवाय मजकूर कूटबद्ध असला, तरी फोन कुठल्या सर्व्हरला केव्हा काम देतो, यावरून माणसाचा माग काढता येतो. खोट्या विनंत्या मिसळून तो पुसता येतो, मात्र त्या विनंत्या बँडविड्थ खातात.

सर्वांत दुबळी जागा म्हणजे खुद्द एज सर्व्हरची पेटी. डेटा सेंटरसारखा पहारा टॉवरखालच्या कपाटाला नसतो. म्हणून गणना प्रोसेसरच्या कुलूपबंद कप्प्यात करतात. इंटेल एसजीएक्स आणि आर्म ट्रस्टझोन हे त्याचे प्रकार. अशा कप्प्यांतूनही अप्रत्यक्ष खुणांवरून माहिती काढणारे हल्ले सिद्ध झाले आहेत. त्यामुळे चेहऱ्यांसारखा नाजूक डेटा असेल, तर चेहरे कॅमेऱ्यातच पुसावेत आणि उरलेले चित्र पुढे पाठवावे. त्यासाठी लागणारा जादा वेळ सुरुवातीपासूनच विलंबाच्या हिशेबात धरायला हवा.