स्पर्धेच्या रोबोटसाठी न्यूमॅटिक्स: ऑर्डर देण्याआधी हे वाचा

आम्ही न्यूमॅटिक्सचे, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारे, भाग पुरवतो. सुट्या भागांची यादी हातात आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पर्धा कोणती आणि मॅन्युअल (नियमपुस्तिका) कोणत्या वर्षाचं? एका स्पर्धेत चालणारा भाग दुसरीत बाद होतो. व्हेक्स व्ही-५ मध्ये रोबोटवर कॉम्प्रेसर नसतो. टाक्या सामन्याआधी भरून घ्यायच्या आणि दाब १०० पीएसआयच्या (चौरस इंचावर पाउंड) वर न्यायचा नाही. एबीयू रोबोकॉनची मर्यादा ६०० किलोपास्कल, म्हणजे साधारण ८७ पीएसआय. आमच्याकडे सर्वाधिक चौकशी फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची, म्हणजे एफआरसीची होते. म्हणून पुढची सगळी माहिती त्याच स्पर्धेच्या नियमांना धरून आहे. तिथलं मॅन्युअल दर जानेवारीत नव्याने निघतं आणि हंगाम सुरू असतानाही त्यात दुरुस्त्या येतात. त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा.

हवा जाते त्या वाटेने आराखडा काढा

रोबोट जवळपास तयार झाल्यावर हवेच्या भागांना जागा शोधणं ही नेहमीची चूक. इन्स्पेक्टर कॉम्प्रेसरपासून सुरुवात करतो आणि ट्यूबवर बोट ठेवत सिलिंडरपर्यंत, म्हणजे हवेच्या जोराने दांडा पुढे-मागे सरकवणाऱ्या नळकांड्यापर्यंत, येतो. तुमचा आराखडाही त्याच क्रमाने व्हावा.

सुरुवात एका कॉम्प्रेसरने, आणि तो एकच. हवा दुसरीकडून कुठूनही घेता येत नाही. कॉम्प्रेसरचा रेटेड प्रवाह मिनिटाला १.१ घनफुटांपेक्षा जास्त नको. त्याच्या तोंडावरच, थेट किंवा कडक फिटिंगने, जादा दाब आपोआप बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचा. मध्ये लवचिक ट्यूब घातली की नियम मोडला. हा व्हॉल्व्ह १२५ पीएसआयला सुटायला हवा, आणि तो खोक्यातून तसाच लावून आलेला असेल असं गृहीत धरू नका. टेबलावर जोडून, गेजकडे लक्ष ठेवून, लॉकनट सैल करून लावून घ्या. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा आणि हाताशी व्हेंट व्हॉल्व्ह (हवा सोडून द्यायची तोटी) असल्याशिवाय हे काम करायचं नाही.

त्यापुढे टाक्या, टाक्या भरल्या की कॉम्प्रेसर थांबवणारा प्रेशर स्विच, साठवणीच्या बाजूचा गेज आणि हाताने उघडायचा व्हेंट. इथला दाब जास्तीत जास्त १२० पीएसआय. प्रेशर स्विच साठवणीच्या बाजूलाच हवा. तो रेग्युलेटरच्या (दाब कमी करून पुढे देणाऱ्या भागाच्या) पुढे बसवला तर त्याला कधीच ६० च्या वर काही दिसणार नाही, कॉम्प्रेसर थांबणार नाही आणि शेवटी रिलीफ व्हॉल्व्ह फुसफुसू लागेल. व्हेंट सहज दिसेल आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवा. बंपरच्या मागे लपलेला व्हेंट कागदावर असतो, पण कामाच्या वेळी सापडत नाही.

मग मुख्य रेग्युलेटर. तो रिलीव्हिंग, म्हणजे पुढचा जादा दाब बाहेर सोडणाऱ्या, प्रकारचाच घ्या आणि त्याच्या पुढचा दाब ६० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. त्यानंतर दुसरा गेज, सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह आणि सिलिंडर. दोन वेगवेगळ्या सोलेनॉइडचे आउटपुट एकत्र जोडून प्रवाह वाढवायची युक्ती अनेकांना सुचते. ती नियमात बसत नाही.

भागांच्या रेटिंगचाही नियम आहे. रेग्युलेटरच्या आधीचे भाग किमान १२५ पीएसआयचे हवेत, पुढच्या भागांना ७० चं रेटिंग चालतं. बिलासोबत आम्ही डेटाशीट देतो ते यासाठीच. छापून सोबत न्या, इन्स्पेक्शनच्या रांगेत मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही. भागांना भोक पाडणं, ते कानशीने घासणं किंवा रंगवणं चालत नाही. ट्यूब कापता येते, सिलिंडरची पिन काढता येते. तयार भागात असे फेरफार करून मागणाऱ्यांना आम्ही नकार देतो.

हवेचा हिशोब

खरं डिझाइन इथे होतं. ६० पीएसआयला दीड इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर सुमारे १०६ पाउंड जोर देतो, पाऊण इंचाचा सुमारे २६. मोठा आकडा पाहून मन मोठ्या सिलिंडरकडे ओढलं जातं. पण हवा किती लागते तेही पाहा.

दीड इंच बोअर आणि १० इंच स्ट्रोक (दांडा सरकण्याचं अंतर) असेल तर आतली जागा भरते २९० मिलिलिटर. ६० पीएसआयने भरताना त्यात वातावरणाच्या दाबाची जवळजवळ दीड लिटर हवा जाते. ५७४ मिलिलिटरची टाकी १२० वरून ६० वर उतरेपर्यंत २.३ लिटर हवा देते. म्हणजे एका टाकीत दीड स्ट्रोक. चार टाक्या लावल्या तरी पुढे-मागे अशा पूर्ण फेऱ्या होतात जेमतेम तीन. त्याच चार टाक्यांवर पाऊण इंची सिलिंडर तेरा फेऱ्या देतो.

‘कॉम्प्रेसर भरून काढेल की’ असं इथे हमखास ऐकू येतं. रेटिंगमधला मिनिटाला १.१ घनफूट, म्हणजे ३१ लिटर, हा समोर दाब नसतानाचा प्रवाह आहे. टाकी भरत जाते तसा तो बराच घटतो, कॉम्प्रेसरचं डोकं तापतं आणि ड्राइव्ह मोटर ज्या बॅटरीवर चालतात तिच्यावरच भार पडतो. म्हणून आम्ही आधी बोअर कमी करायला सांगतो, टाकी वाढवायचं नंतर बघू. नुसता हात मागे घ्यायचा असेल तर परतीला ६० कशाला? त्या बाजूला दुसरा रेग्युलेटर लावून ३० ठेवलं तर त्या स्ट्रोकची सुमारे ४० टक्के हवा वाचते. मात्र उलट येणारी हवा मोकळी सोडणारा रेग्युलेटरच घ्या, नाहीतर सिलिंडर रखडत चालेल.

सोलेनॉइड निवडताना वीज गेल्यावर काय व्हायला हवं ते आधी ठरवा. सिंगल सोलेनॉइड स्प्रिंगने मूळ जागी परततो, डबल शेवटच्या स्थितीतच राहतो. वर उचललेला हात रोबोट डिसेबल होताच खाली यायला नको असेल तर डबल घ्या. पायलटवर, म्हणजे आतल्या हवेच्याच दाबाच्या मदतीने, चालणारे व्हॉल्व्ह ठरावीक दाबाखाली सरकतच नाहीत. सामन्याच्या शेवटी टाकी रिकामी होते तेव्हा हे नेमकं आठवतं.

गळतीची मुळं

तक्रार घेऊन आलेल्या गळतीत आम्हाला बहुतेक वेळा मापांची सरमिसळ सापडते. पाव इंची ट्यूब ६.३५ मिलिमीटरची असते. तिच्या फिटिंगमध्ये ६ मिलिमीटरची ट्यूब जाते, हलकी ओढली तर धरून ठेवल्यासारखी वाटते आणि दाब आला की सुटते. आट्यांचंही तसंच. एनपीटी आणि बीएसपी ही पाइपच्या आट्यांची दोन वेगळी मानकं: १/८ एनपीटीला इंचात २७ आटे, १/८ बीएसपीला २८. हाताने दोन फेरे मस्त बसतात, मग अडकतं आणि मग पान्याचा जोर लावला जातो. तिथेच पितळ्याचे आटे गेले म्हणून समजा.

टेफ्लॉन टेप टोकाचा पहिला-दुसरा आटा सोडून गुंडाळा. सुटलेला तुकडा थेट सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतो. ट्यूब कात्रीने कापू नका. कटरने काटकोनात कापा आणि फिटिंगमध्ये तळाशी लागेपर्यंत ढकला. नंतर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. कॉम्प्रेसर बंद करून रात्रभर सोडलेल्या रोबोटचा गेज सकाळी किती दाखवतो, ही आमच्या मते सर्वांत प्रामाणिक चाचणी. ती करायची असेल तर रोबोटवर ‘दाब आहे’ अशी पाटी लावा. वीज बंद असली तरी सिलिंडरमध्ये जोर शिल्लक असतो आणि व्हेंट उघडल्याशिवाय कोणी आत हात घालता कामा नये.

ऑर्डरसोबत हे कळवा

स्पर्धा आणि वर्ष, प्रत्येक सिलिंडरला लागणारा जोर आणि स्ट्रोक, एका सामन्यात तो किती वेळा चालणार, हातातल्या भागांचे आटे एनपीटी की बीएसपी, आणि ट्यूबचं माप. फेऱ्यांचा आकडा नक्की नसेल तर अंदाज द्या, आम्ही त्यावरून टाक्यांचा हिशोब करून पाठवतो. आराखड्याचा हाताने काढलेला कच्चा कागदही चालेल, फक्त भागांचा क्रम खरा असू द्या.