खिळा टोकदार असला की फळी फुटत नाही?

‘खिळा जितका अणकुचीदार, तितका तो लाकडात अलगद शिरतो आणि फळी फुटत नाही’ हा समज फार जुना आहे. पहिला भाग बरोबर, दुसरा उलटा.

तीक्ष्ण टोक लाकडाचे तंतू तोडत नाही. पाचरीसारखं त्यांच्यामध्ये घुसून त्यांना बाजूला रेटतं. फळीच्या मध्यावर दोन्हीकडचं लाकूड हा रेटा सहन करतं. कडेला पुढे धरून ठेवायला लाकूडच नसतं, म्हणून चीर थेट फळीच्या टोकापर्यंत जाते. बोथट टोक मात्र समोरचे तंतू चिरडत, तोडत जातं, त्यामुळे रेटा कमी पडतो.

टोक बोथट करायला खिळ्याचं डोकं लोखंडी तुकड्यावर टेकवा आणि टोकावर हातोडीचे एक-दोन हलके टोले द्या. बारीकसा सपाट माथा आला की थांबा. जास्त ठोकलं तर खिळा वाकतो. बोथट खिळ्याची पकड थोडी कमी असते, हेही लक्षात ठेवा.

खिळ्याला साबण लावल्याने घर्षण घटतं, ठोकणं सोपं होतं, पण जाडी तीच राहते. फूट टाळण्याचा तो उपाय नव्हे.

सागवानासारख्या कठीण किंवा फार सुकलेल्या लाकडात बोथट टोकावर विसंबू नका. तिथे आधी भोक पाडाच: 3 मिमी खिळ्याला साधारण 2.5 मिमीचा ड्रिल बिट. तंतूंच्या एकाच रेषेत दोन खिळे नकोत, थोडे मागेपुढे मारा. आणि जमत असेल तर फळी 5 सेंमी जास्त लांब ठेवून खिळे मारा, मग जादा टोक कापा.