राजवाड्याची छाप: सरकारी स्मारक नाणं आणि सराफ्यातलं चांदीचं नाणं

धनत्रयोदशीला सराफ्यातून चांदीचं नाणं आणलं आणि त्यावर लक्ष्मीऐवजी आपला इंदूरचा होळकरांचा राजवाडा कोरलेला असला, की घरात कुणीतरी विचारतंच, "सरकारनं काढलंय का हो हे?" डबी मखमली, कोरीवकाम झकास, सातही मजले नीट मोजता येतात, शंका येणं साहजिक आहे.

उत्तर चित्रात सापडत नाही. नाणं उलटवून बघा. सरकारी स्मारक नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, 'सत्यमेव जयते', 'भारत' आणि रुपयाच्या चिन्हापुढे आकडा असतो. विषय काय तो दुसऱ्या बाजूला. सराफाच्या नाण्यावर वजन असतं, टंच (म्हणजे चांदीची शुद्धता) असतो, पेढीचं नाव असतं. रुपयांचा आकडा नसतो. म्हणजे नाणं म्हणायचं, पण खरं तर ते चांदीचं पदकच. गंमत अशी की सरकारी टांकसाळही अशी बिनआकड्याची पदकं विकते. टांकसाळीचं पाकीट दिसलं म्हणून ते चलन ठरत नाही.

अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीला, ३१ मे २०२५ रोजी, भोपाळमध्ये ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. ते सरकारी स्मारक नाणं. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या जन्मशताब्दीचं १०० रुपयांचं नाणंही (१२ ऑक्टोबर २०२०) त्यातलंच. २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकार १००० रुपयांपर्यंतचं नाणं काढू शकतं. पण १००, ३०० रुपयांची ही नाणी भाजीवाल्याच्या गल्ल्यात कधी दिसायची नाहीत. ती संग्राहकांसाठी असतात. टांकसाळ ती पाकिटात घालून दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी महाग विकते. स्मारक नाणी खिशात खुळखुळतात ती ५, १० रुपयांसारख्या लहान किमतीची. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा १००० रुपयांचं नाणं संग्रहासाठी निघालं आणि ५ रुपयांचं चलनात आलं.

फसगत होते ती चांदीच्या हिशेबात. नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं घ्या: वजन ३५ ग्रॅम, पण चांदी निम्मीच. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदी साठवायची म्हणून असं नाणं घेणं मला तरी पटत नाही. सराफाचं ९९९ टंचाचं नाणं त्या दिवशीच्या भावानं मोडता येतं, वाटल्यास आटवून नातीचे वाळे करता येतात. चलनी नाणं आटवायला मात्र कायद्याची मनाई आहे. त्याला गिऱ्हाईक संग्राहकच, आणि तो भाव ठरवताना तराजू काढत नाही; अशी नाणी किती निघाली, पाकीट शाबूत आहे का, हे बघतो.

यात तिसरंच काही घरात निघालं तर? पणजीच्या गाठोड्यातला होळकरी रुपया, सूर्यमुखाचा किंवा अहिल्याबाईंच्या काळातला शिवलिंग-बेलपानाचा. तो त्याच्या काळात खरोखरचा पैसा होता, आणि त्यावर नाव बहुधा दिल्लीच्या बादशहाचं. आज तो चलन नाही, पण त्याला चांदीच्या भावात तोलू देऊ नका. आधी जाणकाराला दाखवा.

सराफाच्या नाण्याचं पक्कं बिल जपून ठेवा, मोडताना उपयोगी पडतं. स्मारक नाणं काळवंडलं तरी चिंच किंवा राख लावून घासू नका. प्रूफ नाण्याची (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्याची) आरशासारखी पार्श्वभूमी एकदा ओरखडली की परत येत नाही, आणि संग्राहक तिथेच भाव पाडतो.