८० रकाने आणि एक टॅब

कोडची ओळ ८० अक्षरांपुढे जाऊ नये, या दंडकाचं मूळ प्रोग्रामिंग भाषांच्याही आधीचं आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं पंचकार्ड (भोकं पाडून माहिती नोंदवायचं जाड कागदाचं कार्ड) आणलं. आधीच्या कार्डांवर गोल भोकं असत आणि रकाने ४५. भोकं अरुंद आयताकृती केली आणि तेवढ्याच कार्डात जवळपास दुप्पट मजकूर मावू लागला.

१९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा आली तीही याच कार्डांवर, एका कार्डावर एक ओळ. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा आधीचं विधान पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सात ते बहात्तर प्रत्यक्ष विधानासाठी. उरलेले आठ कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वाचतच नसे, कारण आयबीएम ७०४ या संगणकाचा कार्ड-रीडर ७२ रकानेच घेई. त्या जागेत लोक कार्डांचे अनुक्रमांक टाकत. गठ्ठा हातातून सांडला तरी सॉर्टिंग यंत्रात घालून पुन्हा क्रमाने लावता येई.

पुढे कार्डं गेली, रुंदी राहिली. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही (संगणकाला जोडलेला पडदा-कीबोर्ड) नेहमीची रुंदी ८० रकान्यांचीच होती. पायथन भाषेच्या २००१ च्या पेप ८ या लेखनशैलीच्या नियमावलीने ७९ अक्षरांची मर्यादा घातली. दोन फाइली शेजारी शेजारी उघडून वाचता याव्यात, हे त्याचं एक कारण मला आजही पटतं. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा (कर्नलचा) कोड तपासणाऱ्या स्क्रिप्टने मात्र २०२० मध्ये इशाऱ्याची सीमा १०० वर नेली.

टॅबचं, म्हणजे ओळ आत सरकवणाऱ्या कळीच्या अक्षराचं, दुखणं वेगळं आहे. टाइपरायटरवर तो किती सरकणार हे टायपिस्ट खटके लावून ठरवत असे. १९६३ च्या आस्की या संगणकी अक्षरसंचात त्याला ९ हा क्रमांक मिळाला, पण रुंदी मिळाली नाही. ‘पुढच्या थांब्यावर जा’ एवढंच तो सांगतो. थांबा कुठे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. युनिक्स कार्यप्रणालीत आठ रकान्यांची वहिवाट पडली, नंतरच्या एडिटरांनी चार-दोनही केले. म्हणून टॅब आणि स्पेस मिसळलेली फाइल एकाच्या पडद्यावर नीट दिसते आणि दुसऱ्याकडे विस्कटते. पायथन ३ ने तर अशी संदिग्ध सरमिसळ चूकच ठरवली.

याचा सर्वांत जाचक अवशेष म्हणजे मेक, कोडच्या फाइलींतून चालणारा प्रोग्राम बांधून देणारं साधन. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ते लिहिलं आणि त्याच्या सूचनांच्या फाइलीत (मेकफाइल) आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी असं ठेवलं. हे अडचणीचं आहे असं लवकरच लक्षात आलं, पण तोवर डझनभर मित्रमंडळी ते वापरू लागली होती आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच राहिला. आजही मेकफाइलमध्ये टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि मेक मात्र ‘मिसिंग सेपरेटर’ (विभाजक गहाळ) म्हणून थांबतं.

गो भाषेच्या गोएफएमटी या कोड नीट मांडणाऱ्या साधनाने टॅब निवडून ‘टॅब की स्पेस’ हा वाद आपल्यापुरता मिटवला. माझंही मत टॅबकडे झुकतं, ते एका कारणासाठी. अंध प्रोग्रामर बोटांनी वाचतात त्या ब्रेल डिस्प्लेवर बहुधा ४० खाने असतात. चार स्पेसचं इंडेंट (ओळीची आत सरकवणी) तीन पातळ्या आत गेलं की त्यातले १२ रिकाम्या जागेतच जातात. टॅब एकेका खान्यात दाखवला तर तीनच लागतात.