फ्लक्स कोअर्ड वायरची वेल्डिंग प्रोसिजर मंजूर करून घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि हायड्रोजन

जहाजाच्या कामात फ्लक्स कोअर्ड वायर (आत फ्लक्सची पूड भरलेली पोकळ वेल्डिंग वायर) वापरायची, तर प्रोसिजर, म्हणजे वेल्डिंगची ठरवलेली पद्धत, आधी क्लासिफिकेशन सोसायटीकडून (जहाजांचे नियम ठरवून तपासणी करणाऱ्या संस्थेकडून) मंजूर करून घ्यावी लागते. पवईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही त्यातलीच एक.

अर्ज यार्डाने किंवा फॅब्रिकेटरने स्वतःच करायचा. दुसऱ्याच्या वर्कशॉपची मंजुरी आपल्याला लागू होत नाही.

सोबत प्राथमिक डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसे करायचे ते लिहिलेला कागद), प्लेटचे मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा चाचणी दाखला), वायरचे मान्यतापत्र आणि बॅच सर्टिफिकेट जोडा. मान्यतापत्रावरचा ग्रेड शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. एच म्हणजे हायड्रोजन; तो वेल्डमध्ये जास्त राहिला, तर जोडाला भेग पडू शकते. एच५ म्हणजे १०० ग्रॅम वेल्ड धातूत जास्तीत जास्त ५ मिलिलिटर हायड्रोजन; तसेच एच१० आणि एच१५. फ्लक्स कोअर्ड वायरसाठी ही चाचणी उत्पादकाच्या इच्छेवर असते, त्यामुळे काही वायरींवर एचचा शिक्का नसतोच. जाड किंवा उच्च ताकदीच्या प्लेटसाठी अशी वायर घेऊच नका.

प्राथमिक डब्ल्यूपीएस तपासून झाल्यावर सोसायटीच्या सर्व्हेअरसमोर (तपासनीसासमोर) टेस्ट पीस वेल्ड होतो. बट जोडाची (दोन प्लेटा टोकाला टोक लावून केलेल्या जोडाची) लांबी प्लेटच्या जाडीच्या सहापट, किमान ३५० मिमी. इथेच हायड्रोजनचा निकाल लागतो. टिप (गनमधून वायर बाहेर येते ते टोक) आणि जॉब (वेल्ड होणारी प्लेट) यांतले अंतर कमी करून करंट वाढवला, की वायर आर्कपर्यंत पोचण्याआधी पुरेशी तापत नाही. तिच्यातला ओलावा आणि वंगण थेट वेल्डमध्ये उतरते. म्हणून हे अंतर डब्ल्यूपीएसमध्ये आकड्यात लिहा आणि वेल्डरला मोजून दाखवा. सीमवाली (लांबीभर जोडाची फट असलेली) वायर रात्रभर मशीनवर उघडी ठेवू नका, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. गंजलेला स्पूल बाद करा, गॅस कोरडा घ्या. प्रीहीटही (वेल्डिंगआधी प्लेट तापवणे) विचारपूर्वक ठरवा: चाचणीत दिलेले तापमान हीच पुढे प्रॉडक्शनमधली किमान मर्यादा ठरते.

मग बाह्य तपासणी, भेगांची तपासणी, रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक, टेन्साइल (ओढून), बेंड (वाकवून), इम्पॅक्ट (आघात करून), मॅक्रो (जोड कापून छेद पाहणे). ३५५ मेगापास्कल किंवा त्याहून जास्त यील्डच्या (कायमचे वाकायला लागण्याआधीची ताकद) स्टीलला हार्डनेससुद्धा (कठीणपणाची चाचणी). यील्ड ४२० किंवा अधिक असेल, तर एनडीटी (जोड न तोडता होणारी तपासणी) किमान ४८ तासांनंतरच, कारण हायड्रोजनमुळे पडणारी भेग जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी उघडते. घाईने घेतलेली रेडिओग्राफीची फिल्म स्वच्छ दिसली म्हणजे जोड चांगला असे नाही.

मंजुरीनंतर दुसऱ्या कंपनीची मान्यताप्राप्त वायर चालते, पण ग्रेड आणि त्यापुढचे सगळे शिक्के तेच हवेत. एच५ वर चाचणी देऊन स्टोअरमधून एच१० काढली, तर नवा टेस्ट पीस करावा लागेल.