एका फोनवर अख्खा वर्ग

डिसेंबरातली सकाळ, पूर्व नागपुरातली एक शाळा, सातवीचा वर्ग. खोलीतला गारठा अजून गेला नव्हता. मागच्या बाकांवरची मुले स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसली होती. मॅडमनी फळ्यावर प्रश्न लिहिला : नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन आपली सावली पायाखाली नाहीशी कधी होते? खाली चार पर्याय. ए, रोज दुपारी बारा वाजता. बी, वर्षातून एकदा. सी, वर्षातून दोनदा. डी, कधीच नाही.

मुलांनी दप्तरांतून पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागद काढले. प्रत्येक कागदावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची जाडसर नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटते ते अक्षर वर येईल असा कागद छातीशी धरायचा. मॅडमनी आपला फोन वर्गावरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला, लग्नात व्हिडिओ काढणारा फिरवतो तसा. अर्ध्या मिनिटात कोणी काय उत्तर दिले ते नावानिशी त्यांच्या फोनवर आले होते. निम्म्याहून अधिक वर्गाने ‘ए’ वर धरला होता.

शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल मी बरीच वर्षे वाचतो आहे, शाळांतून हिंडतो आहे. वर्गात तंत्रज्ञान खरोखर उपयोगी पडताना दाखव, असे कोणी म्हटले तर मी हा अर्धा मिनिट दाखवेन. मुलांच्या हातात एकही यंत्र नव्हते. वर्गात फोन होता तो एकच, मॅडमचा. पण एरवी सहामाहीचे पेपर तपासताना जे कळते ते त्यांना तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांत कळले, आणि तेही पस्तीस मिनिटे हातात असताना.

या कागदांना प्लिकर्स म्हणतात. प्रत्येक मुलाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे नक्षी ओळखली की मूल कोणते ते कळते आणि नक्षी कोणत्या बाजूने फिरली आहे त्यावरून उत्तर कळते. अक्षरे इतकी बारीक असतात की शेजारच्याला वाचता येत नाहीत, आणि नक्षी पाहून नक्कल करावी तर त्याची नक्षीच वेगळी. ‘ज्याला येतं त्याने हात वर करा’ म्हटले की पहिल्या बाकावरचे तेच चार हात वर येतात आणि उरलेला वर्ग त्यांच्या आड लपतो. इथे आड लपायला जागा नाही, आणि चुकले तरी हसायला कोणी नाही.

याच घराण्यातला दुसरा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. तो 1994 साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला जन्मला. तीन कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकटींवरून कॅमेऱ्याला कळते की कोड कुठे आहे आणि कसा फिरला आहे. त्यात माहिती थोडी पुनरुक्ती करून भरलेली असते, म्हणून सर्वांत दणकट प्रकारातला सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड तेलकट बोटे आणि पावसाळी दप्तर सोसूनही चालतात ते यामुळे. हा कोड फोनने स्कॅन केला की दीक्षा या 2017 साली सुरू झालेल्या सरकारी मंचावरचा मजकूर उघडतो. सोय उत्तमच आहे. पण हा कोड मुलाला काहीतरी दाखवतो आणि मॅडमचा कागद मुलाला काहीतरी विचारतो. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

पुन्हा वर्गात येऊ. मॅडमनी उत्तर सांगितले नाही. ‘शेजारच्याला पटवून द्या, तीन मिनिटं,’ एवढेच म्हणाल्या. वर्गात एकदम गलका झाला. माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणत होती, ‘काहून गं, डब्याच्या सुट्टीत तुझी सावली नसते का? काल लंगडी खेळलो तेव्हा तं दिसत होती.’ शेजारीण गप्प झाली. मग दुसऱ्यांदा कागद वर झाले. ‘ए’ बराच ओसरला होता, ‘बी’ आणि ‘सी’ वाढले होते.

ही रीत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून रुजवली. त्यांचे विद्यार्थी कठीण गणिते सहज सोडवत, पण बलाबद्दलचा साधा, आकडेमोड नसलेला प्रश्न आला की अडखळत. मग त्यांनी व्याख्यान तोडून मध्ये प्रश्न घालायला सुरुवात केली. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. साधारण 30 ते 70 टक्के मुले बरोबर असतील तेव्हा हा वाद सर्वांत फळतो असा त्यांचा अनुभव. त्याहून कमी असतील तर शिक्षकाने पुन्हा समजवावे, जास्त असतील तर पुढे जावे.

यावर एक रास्त शंका येते. हुशार मूल सांगते आणि बाकीचे मान डोलावतात, एवढेच तर होत नसेल? 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातला अभ्यास छापून आला. तिथे चर्चेनंतर त्याच संकल्पनेवर दुसरा, नवा प्रश्न विचारला आणि मुलांनी तो एकट्याने सोडवला. उत्तरे सुधारली होती. ज्या गटांत पहिल्या वेळी कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, तिथेही काही मुले चर्चेतून बरोबर उत्तरापर्यंत पोचली. म्हणजे वाद घालताना विचार खरोखर घडतो, नुसते उत्तर हस्तांतरित होत नाही.

आणि मला विशेष मोलाचा वाटतो तो कॅनडातला 2008 चा अभ्यास. तिथे एका गटाला उत्तर देण्यासाठी बटणांची इलेक्ट्रॉनिक यंत्रे दिली, दुसऱ्या गटाला साधे पुठ्ठ्याचे कार्ड. शिकण्यात फरक पडला नाही. यंत्राने शिक्षकाचे मोजणे सोपे केले, शिकवले ते प्रश्नाने आणि वादाने. शाळेत खरेदीची यादी करताना हे भिंतीवर लावून ठेवावे असे मला वाटते.

उलट बाजूही मी पाहिली आहे. एका शाळेत मोठा स्मार्ट बोर्ड होता. त्यावर पचनसंस्थेचा व्हिडिओ चालला होता : भडक रंग, मागे संगीत, निवेदकाचा आवाज, आणि तेच निवेदन खाली ओळींतही सरकत होते. मुले बारा मिनिटे टक लावून बसली होती. संपल्यावर सरांनी विचारले, ‘समजलं?’ वर्ग एकसुरात ‘हो’ म्हणाला. मी मधल्या सुट्टीत दोघातिघांना विचारले की पित्त कुठे तयार होते. एकाला संगीत आठवत होते.

दोष मुलांचा नाही, त्या व्हिडिओच्या रचनेचा आहे. आपण एखादी गोष्ट समजून घेत असताना ती मनात ज्या जागी धरतो तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये साधारण सात गोष्टींचा अंदाज दिला होता, पण नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये पुरावे तपासून तो चारच्या आसपास आणला. त्यातही डोळ्यांनी आलेले आणि शब्दांनी आलेले यांचे मार्ग काहीसे स्वतंत्र असतात. म्हणून चित्र दाखवत तोंडी समजावले तर दोन्ही मार्ग कामाला लागतात. पण चित्र, आवाज आणि तेच शब्द पुन्हा लेखी असे तिन्ही एकदम आले, तर डोळ्यांना चित्र पाहू की ओळी वाचू असे होते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसले की लेखी ओळी काढल्या, सजावट आणि पार्श्वसंगीत काढले, आणि मध्ये मध्ये थांबायची सोय ठेवली, की त्याच चित्रफितीतून मुले जास्त शिकतात. हे करायला पैसा लागत नाही. सरांनी आवाज बंद करून, दर दोन मिनिटांनी थांबवून, स्वतः बोलले असते तरी पुष्कळ झाले असते. (मुलांना भाषा नवी असेल तर मात्र लेखी ओळींची मदत होते, ही सवड ठेवायला हवी.)

‘समजलं’ हा शब्द किती फसवा आहे त्याचा एक सुंदर पुरावा 2006 चा आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले : वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 56. आठवायचा प्रयत्न हीच स्मृतीची मशागत. आमच्या मॅडम दर सोमवारी गेल्या आठवड्यातले तीन प्रश्न त्याच पुठ्ठ्यांवर विचारतात आणि त्याचे गुण कुठेही चढवत नाहीत. त्या तीन मिनिटांत वर्ग जेवढा पक्का होतो तेवढा गृहपाठाच्या पानभर ओळींनी होत नाही.

नुसते यंत्र वाटून काय होते तेही जगाने पाहिले आहे. पेरू देशात सरकारने लाखो मुलांना स्वस्त लॅपटॉप दिले. 319 शाळांत तपासले तर संगणक खूप वाढले होते, गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र मोजता येण्याजोगा फरक नव्हता. दिल्लीत वेगळे घडले. माइंडस्पार्क नावाच्या प्रणालीवर सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर दीड तास बसवले, त्यातला अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. सोडतीत नंबर लागलेली मुले साडेचार महिन्यांत न लागलेल्यांपेक्षा गणितात स्पष्टपणे पुढे गेली, हिंदीतही. कारण साधे होते. सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होते, आणि ही प्रणाली प्रत्येकाच्या चुका पाहून, तो खरोखर जिथे होता तिथून सुरुवात करत होती. एका वर्गात चौथीच्या पातळीचे आणि सातवीच्या पातळीचे मूल शेजारी बसलेले असते, हे आपल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. चाळीस जणांना चाळीस ठिकाणांहून शिकवणे माणसाला अशक्य आहे. तिथे यंत्राची मदत घ्यावी, जरूर घ्यावी.

आणि जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते दाखवण्यासाठीही घ्यावी. सावलीच्या प्रश्नाचेच पाहा. नागपूर साधारण 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त आपल्या उत्तरेला भोपाळजवळून जाते. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा आपल्या बरोबर डोक्यावरून जातो : 26 मेच्या सुमाराला आणि 17 जुलैच्या सुमाराला. उत्तर सी. मेमध्ये तो क्षण बाराला नाही, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास येतो, कारण आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशाचे आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला. आता अडचण बघा. 26 मेला विदर्भातल्या शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आणि पारा 45 च्या घरात. 17 जुलैला शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेले असते. म्हणजे हा सोहळा मुलांना शाळेत बघायला मिळणे जवळजवळ नाहीच.

मॅडमनी प्रोजेक्टरवर स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर उघडले, ठिकाण नागपूर ठेवले, वेळ दुपारची धरली आणि तारीख एकेक दिवस पुढे सरकवली. सूर्य दक्षिणेकडून चढत आला, मेअखेर माथ्यावर पोचला आणि माथा ओलांडून उत्तरेला गेला. तिथे मुले थबकली. मॅडमनी विचारले, ‘मग 21 जूनला दुपारी सावली कोणीकडे पडेल?’ क्षणभराने कोणीतरी म्हणाले, ‘दक्षिणेकडे?’ हो, दक्षिणेकडे. एक मीटरच्या काठीची चार सेंटीमीटर सावली, पण वर्षभर उत्तरेला पडणारी सावली त्या दिवसांत उलटी पडते. हे रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेऊन दाखवता येईल, पण एरवी कुठल्याही वर्गात दाखवायचे तर पडद्याखेरीज मार्ग नाही.

पडदा बंद झाला तेव्हा लाईट गेलेली नव्हती. मॅडमनी तो मुद्दाम बंद केला आणि वर्गाला काठी, ओळंबा आणि टेप घेऊन मैदानात काढले. कोल्हापूरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेशी त्यांचे व्हॉट्सॲपवर ठरले होते. एकाच दिवशी दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजून फोटो पाठवायचा. कोल्हापूर पश्चिमेला, म्हणून त्यांची दुपार आपल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी. 22 डिसेंबरच्या सुमाराला गणिताने नागपूरची सावली साधारण 98.6 सेंटीमीटर यायला हवी आणि कोल्हापूरची 84.3. सावल्यांवरून कोन काढले की फरक साडेचार अंशांच्या आत-बाहेर येतो. दोन्ही गावांत दक्षिणोत्तर अंतर सुमारे 495 किलोमीटर. एवढ्या अंशांना एवढे अंतर, तर 360 अंशांना किती, या हिशेबाने पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ निघतो. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिस यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केले होते, त्यांच्याकडे दुसऱ्या गावातून क्षणात येणारा फोटो तेवढा नव्हता.

पण यात एक मेख आहे. नागपूरची सावली एक सेंटीमीटर चुकली तर परीघ सुमारे अडीच हजार किलोमीटरने चुकतो. आणि सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीचे टोक धारदार नसते, गडद राखाडीतून हळूहळू विरत जाते. मी निघालो तेव्हा टेप जमिनीवर तसाच पडला होता, चार जणी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि सावली नेमकी कुठे संपली म्हणायची यावर त्यांचे जोरात भांडण चालले होते.