ही गाठ कॅन्सरची नव्हे

निपाणीजवळच्या गावी मामांना बघायला गेलो, तेव्हा घरात एकच कुजबुज होती : कॅन्सर खांद्यात उतरला. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेला, मानेचं ऑपरेशन झालेलं, आजार आता बराच पुढे गेलेला. मॉर्फिन चालू असूनही खांद्याची कळ हटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी स्कॅन पाहिला, मग मानेपासून खांद्यापर्यंत बोटानं चाचपलं. एका जागी बोट थांबलं. ताणलेल्या सुतळीसारखा पट्टा, त्यात हरभऱ्याएवढी गाठ. दाबताच मामा कळवळले, “हितंच! डोक्यात पण जातंय बघा.”

ती गाठ स्नायूची होती.

स्नायू आखडतो तेव्हा अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात. आखडायला ताकद लागते हे आपण जाणतो, पण सैल व्हायलाही लागते! एटीपी या इंधनाचा रेणू येऊन चिकटला तरच मायोसिन अ‍ॅक्टिनला सोडतं. आकुंचन घडवणारं कॅल्शियम परत कोठारात भरायलाही एटीपीच खर्च होतं. मृत्यूनंतर शरीर ताठतं ते एटीपी संपल्यामुळेच. गाठीत हेच छोट्या प्रमाणात घडतं, असा आज प्रचलित अंदाज आहे : चेतातंतूच्या टोकाशी, स्नायूला आखडायचा निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलीन जास्त झिरपतं, धागे आखडलेलेच राहतात, केशवाहिन्या चिमटल्या जातात, प्राणवायू घटतो, एटीपी आणखी कमी पडतं. ब्रॅडिकायनिनसारखी रसायनं साचून वेदनेचे तंतू चेतवतात ते वेगळंच.

मानेच्या ऑपरेशनमध्ये खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस दुखावू शकते. मग शेजारचे स्नायू त्याचा भार ओढतात. त्यात एकाच कुशीवर पडून राहणं. अशा दुखण्याला एकटं मॉर्फिन अनेकदा पुरत नाही; डोस वाढवत गेलं की गुंगी आणि बद्धकोष्ठ वाढतं. बाईंनी गाठीतच लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं.

घरचे उसण समजून पायाळू माणसाची लाथ लावायला निघाले होते. हे कधीही करू नका. कॅन्सर हाडात पोचला असेल तर लाथेनं, जोरकस मालिशनंसुद्धा मणका मोडू शकतो.

आता मामी दर दोन तासांनी कूस बदलून देतात, हाताखाली मऊ उशी सरकवतात. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खांद्यामागे ठेवतात. रेडिएशन घेतलेल्या गळ्याजवळ मात्र नाही, तिथली कातडी नाजूक असते आणि चटका कळतही नाही.